काकूंनी विचारलं ते बरोबरच होतं

"दारूचा थेंब नाही, मग लिव्हरचं असं कसं हो?" आज लॅबच्या काउंटरवर एक काकू विचारत होत्या. रिपोर्टमध्ये एसजीपीटीच्या, म्हणजे लिव्हरच्या एका एन्झाइमच्या, आकड्याखाली पेनाने रेघ मारलेली.

"वजन, साखर बघा काकू. डॉक्टरांना दाखवा," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. योग्यच बोलला.

"आणि प्लास्टिक अंगात जातं म्हणतात, त्याची टेस्ट असते का?"

"आपल्याकडे नाही होत."

दिवसभर तेच डोक्यात आहे. कारण हे मोजता येतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २००३-०४ साली अडीच हजार लोकांची लघवी तपासली, तर सुमारे ९३ टक्के नमुन्यांत बीपीए सापडलं. प्लास्टिकमध्ये आणि डब्यांच्या आतल्या अस्तरात वापरतात ते रसायन. २००८ मध्ये त्याच आकडेवारीतून दिसलं, की बीपीए जास्त असलेल्यांची लिव्हरची काही एन्झाइम्सही वाढलेली होती. तेवढ्यावरून बीपीएमुळेच झालं असं म्हणता येत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

मोजणं सोपं नाही, हे खरं. लिव्हरच बीपीएचं रूप बदलतं आणि काही तासांत ते लघवीतून बाहेर पडतं. एका सकाळचा नमुना फार तर कालच्या खाण्यापिण्याचं सांगणार. वर्षांचा हिशेब हवा तर पुन्हा पुन्हा नमुने घ्यायला हवेत.

आपल्याकडे गरम चहा, सांबार सर्रास पातळ पिशवीत बांधून नेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी साखर, रक्तदाब तपासतातच. त्यातच काही हजार लघवीचे नमुने का घेऊ नयेत?