बांबोळीत गेलेली माणसं कोणत्या जिल्ह्याची?

जून २०२१. दुसरी लाट ओसरत होती आणि वरून मागणी आली: जिल्हावार एकूण मृत्यू, दर हजार लोकसंख्येमागे, उतरत्या क्रमाने, संध्याकाळच्या बैठकीआधी. मी आरोग्य खात्यात सांख्यिकीचं काम करते. कोविडचे मृत्यू न मागता एकूण मृत्यू मागितले, हे मला मनापासून पटलं होतं. चाचणी न होताच गेलेले, बेड न मिळाल्याने हार्ट अटॅकमध्ये गेलेले, डायलिसिस चुकलेले, हे सगळे एकूण मृत्यूंत येतातच. आदल्याच वर्षी जूनमध्ये राज्याने जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा कोविडचे १,३२८ मृत्यू एकदम वाढले होते आणि त्यातले ८६२ एकट्या मुंबईतले होते. मृत्यूच्या कारणावर वाद घालता येतो, माणूस गेला यावर येत नाही.

तक्ता तयार झाला. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी वरच्या ओळींत, ठाणे बरंच खाली. "कोकणात यंत्रणा कोलमडली म्हणायची का?" साहेबांनी विचारलं. मी २०१९चा रकाना शेजारी लावला. साथीचं नावही नव्हतं तेव्हाही क्रम जवळपास तोच होता.

कारण कोकणातल्या कोणालाही ठाऊक आहे. तरणी माणसं मुंबई-ठाण्याला, गावात आई-वडील. समजा, हजार वस्तीची दोन गावं आहेत. दोन्हीकडे साठीपुढच्या हजारांतले ४० जण वर्षाला जातात आणि साठीच्या आतल्या हजारांतले २. म्हणजे धोका अगदी सारखा. पण एका गावात ३०० म्हातारी माणसं आहेत, दुसऱ्यात ८०. पहिल्या गावाचा दर येतो १३च्या वर, दुसऱ्याचा जेमतेम ५. म्हणूनच केरळचा ढोबळ मृत्युदर, म्हणजे वय न पाहता काढलेला दर, बिहारपेक्षा जास्त दिसतो, आणि म्हणून केरळात आयुष्य कमी आहे असं कोणी म्हणत नाही. वयोगटाप्रमाणे दर काढून ते एकाच प्रमाण लोकसंख्येला, म्हणजे सगळ्या जिल्ह्यांसाठी धरलेल्या वयांच्या एकाच विभागणीला, लावल्याशिवाय दोन जिल्हे शेजारी ठेवूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्यातही भागाकाराखाली घ्यायची लोकसंख्या २०११च्या जनगणनेवरून पुढे ओढलेली, आणि लॉकडाऊनमध्ये गावी परतलेले चाकरमानी तिच्यात कुठेच नाहीत.

मग प्रत्येक जिल्ह्याची तुलना त्याच्याच आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीशी केली. हे जास्त प्रामाणिक वाटत होतं. पण इथे उलटंच दिसलं. गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या काही गावांत एप्रिल-मेमध्ये मृत्यू वाढलेच नव्हते. एका गावात तर नेहमीपेक्षा कमी. त्या दोन महिन्यांत असं होणं मला शक्य वाटत नव्हतं. मी त्या गावाच्या ग्रामसेवकांना फोन लावला, कारण गावातला जन्म-मृत्यूचा निबंधक तोच.

"भाऊसाहेब, नोंदी राहिल्यात का?"

"एकही राहिलेली नाही, मॅडम. गावात जे वारले ते सगळे रजिस्टरात आहेत. बाकीचे बांबोळीला वारले."

बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. सिंधुदुर्गातला अत्यवस्थ पेशंट वर्षानुवर्षं तिकडेच जातो. आणि १९६९च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, २१ दिवसांच्या आत. राहतं गाव नमुना २च्या, म्हणजे मृत्यूच्या नोंदीसाठी भरायच्या फॉर्मच्या, सांख्यिकीय भागात लिहिलेलं असतं, तंबाखू-दारूच्या सवयीच्या प्रश्नांसोबत त्याच कागदावर. पण माझ्या तक्त्यात आकडे येत होते ते नोंदणीच्या ठिकाणाचे. म्हणजे आमची माणसं गोव्याच्या खात्यात.

"मग ती गेली हे तुमच्याकडे कुठे कळतं?"

"घरपट्टीच्या उताऱ्यावरचं नाव बदलायला येतात ना घरचे. दाखला गोव्याचा असतो. मी वहीत लिहून ठेवतो."

त्यांनी वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. निळ्या शाईत नाव, वय, वाडी, दाखल्याची तारीख. एकाच आडनावाच्या दोन ओळी लागोपाठ, वयं नवरा-बायकोची वाटावीत अशी. ती यादी धरली तर गावाचा मे महिना आधीच्या कुठल्याही मेपेक्षा कितीतरी वाईट होता, आणि माझ्या तक्त्यात ते गाव सुखरूप दिसत होतं. मला त्या क्षणी तो तक्ता पुढे पाठवणं अशक्य झालं.

पुढे देशाचे आकडे आले तेव्हाही मला ही वही आठवायची. नोंदलेले मृत्यू २०१९ मध्ये ७६ लाख, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवी झाले असते त्याहून वरच्या मृत्यूंचा, अंदाज ४७ लाख दिला. त्याच दोन वर्षांचे सरकारी कोविड मृत्यू पाच लाखांच्या आत होते, आणि सरकारने संघटनेची पद्धतच अमान्य केली. वाद तापला. त्या वादात नोंदणी वाढल्यामुळे वाढलेले मृत्यू आणि खरोखर वाढलेले मृत्यू वेगळे करणं फार महत्त्वाचं होतं, कारण काही राज्यांत साथीआधी कित्येक मृत्यू नोंदलेच जात नव्हते. ज्या राज्याचं रजिस्टर चोख, तेच वाईट दिसावं, हा अन्याय मला आजही टोचतो.

त्या संध्याकाळी मी साहेबांना उतरता क्रम काढून टाकायला सांगितलं. कारणं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं, "नागपूरचं काय?" प्रश्न नेमका होता. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचे पेशंट जातात, तसेच मध्य प्रदेशातले बालाघाट आणि छिंदवाड्याचेही. सिंधुदुर्गात माणसं मिळवायची, तर नागपुरातून वजाही करायची. तक्ता क्रमांकाविना गेला आणि राहत्या पत्त्यानुसार मृत्यूंची यादी मागणारी दोन पत्रं आम्ही त्याच रात्री लिहायला घेतली, एक गोव्याला आणि एक नागपूरला.