तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गच नाही, मग शिकवता कुणाला?

परवा सांगलीत गणपती पेठेत शाळेतली एक जुनी मैत्रीण भेटली आणि तिनेही तेच विचारलं. तू कॉलेजात नाहीस, घरी क्लास घेत नाहीस, तरी संस्कृतमध्ये काम करते म्हणतेस, मग शिकवतेस तरी कुणाला? हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. लग्नात येतो, बँकेच्या रांगेत येतो, माझ्या सख्ख्या मावशीने तर तीनदा विचारलाय. उभ्या उभ्या सांगता येत नाही म्हणून आज सविस्तर लिहितेय.

एका वाक्यात सांगायचं तर मी शिकवणाऱ्यांच्या पाठीशी असते. दूरशिक्षणातून बीए, एमए करणाऱ्या विद्यार्थ्याला घरी पुस्तकं मिळतात, त्याला स्वयंअध्ययन साहित्य म्हणतात, ती त्याने स्वतः वाचायची, ठरलेल्या रविवारी अभ्यासकेंद्रावर यायचं, असाइनमेंट लिहून द्यायची आणि शेवटी परीक्षा. केंद्रावर जे शिकवतात आणि असाइनमेंट तपासतात त्यांना आपल्याकडे संमंत्रक म्हणतात. ते कुणी निवृत्त हायस्कूल शिक्षक असतात, कुणी कॉलेजात तासिका तत्त्वावर असतात, एकजण तर दिवसा एलआयसीचं काम बघतात. सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड असे ते विखुरलेले आहेत, एकमेकांना वर्षातून दोनदाच भेटतात. त्यांना गाठून देणं, नव्याला धरून चालवणं, त्यांनी तपासलेले पेपर परत वाचणं, त्यांची अडचण वर पोचवणं, हे माझं काम. विषय संस्कृत, त्यामुळे मीही विषयातलीच लागते, नुसत्या ऑफिसच्या माणसाला हे जमत नाही. ब्रिटनमध्ये 1969 साली ओपन युनिव्हर्सिटी निघाली आणि 1971 पासून विद्यार्थी घेऊ लागली, तिथे ग्रीक-लॅटिनच्या जगाचा अभ्यासही असाच घरबसल्या चालतो आणि ट्यूटर लोकांना सांभाळायला विषयातलेच प्राध्यापक असतात, त्यांना स्टाफ ट्यूटर म्हणतात. माझं काम ऐकून कुणी गोंधळलं की मी हे उदाहरण देते, कारण मराठीत या कामाला नेमका शब्दच रुळलेला नाही.

आपल्या राज्याचं मुक्त विद्यापीठ 1989 ला नाशिकला सुरू झालं. ज्यांचं नाव त्याला आहे ते यशवंतराव चव्हाण आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे, आणि तरी इथलीच माणसं मला विचारतात की ‘बाहेरून’ केलेली डिग्री चालते का हो. चालते. मान्यता असलेल्या संस्थेतून दूरशिक्षणाने केलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022 च्या सप्टेंबरात पुन्हा स्पष्ट केलंय.

आता खरं काय ते सांगते. या पद्धतीत शिकवणं वर्गात फार थोडं होतं, ते होतं असाइनमेंटच्या समासात, म्हणजे पानाच्या कडेला सोडलेल्या जागेत. एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला 120 तास, आणि त्यातले बहुतेक सगळे तास विद्यार्थी एकटाच घालवतो, स्वयंपाक उरकून किंवा पहाटे किंवा एसटीत. त्या सगळ्या काळात ‘माझं बरोबर चाललंय का’ हे सांगणारं माणूस एकच, संमंत्रक, आणि तोही बोलतो तो लाल शाईत दोन ओळी. त्या दोन ओळी ‘ठीक’ आणि ‘अजून अभ्यास करा’ अशा असल्या तर त्या विद्यार्थ्याला त्या वर्षी कुणी शिकवलंच नाही, असं मी स्पष्ट म्हणते आणि प्रशिक्षणातही तसंच म्हणते.

एक उदाहरण देते, त्याशिवाय हे कळणार नाही. पहिल्या वर्षाच्या असाइनमेंटमध्ये ‘रामाने फळ खाल्लं’ याचं संस्कृत करा असं असतं, आणि दरवर्षी पुष्कळजण लिहितात ‘रामेण फलं खादितवान्’. चूक आहे. बरेच संमंत्रक ‘रामेण’ला गोल करतात, शून्य देतात आणि पुढे जातात. पण ही चूक आळसाने झालेली नाही हो, ही चूक मराठी माणसाचीच आहे! मराठीत आपण ‘रामाने’ म्हणतो, ते ‘ने’ तृतीया विभक्तीचं, म्हणून पोराने प्रामाणिकपणे तृतीया लिहिली. फक्त क्रियापद कर्तरी घेतलं, म्हणजे ज्याला कर्ता प्रथमेत, ‘रामः’ असाच लागतो. एकतर ‘रामः फलं खादितवान्’ करा नाहीतर ‘रामेण फलं खादितम्’ करा, दोन्ही बरोबर. आणि गंमत पुढे आहे, मराठीत आपण फळ खाल्लं, साखर खाल्ली म्हणतो ना, क्रियापद रामाकडे न बघता फळाकडे आणि साखरेकडे बघतं, संस्कृतात तेच ‘फलं खादितम्, शर्करा खादिता’. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला वाटत होतं की आपल्याला काहीच येत नाही, त्याला भूतकाळाच्या या रचनेचं निम्मं व्याकरण आईच्या भाषेतून आधीच येत होतं. हे त्याला समासात तीन ओळींत सांगता येतं. गोल करून शून्य दिलं की ते कायमचं राहून जातं.

हे सांगायला मी मल्लिनाथाकडे जाते. कालिदासाच्या काव्यांवर त्याची संजीवनी नावाची टीका आहे, टीका म्हणजे इथे श्लोकाचा अर्थ उलगडून सांगणारं लेखन, तिच्या सुरुवातीलाच तो म्हणतो, ‘नामूलं लिख्यते किञ्चित् नानपेक्षितमुच्यते’, म्हणजे आधाराशिवाय काही लिहीत नाही आणि गरजेचं नसलेलं काही बोलत नाही. शेरा कसा लिहावा याचं याहून चांगलं सूत्र मला कुठल्याच ट्रेनिंगच्या कागदात मिळालेलं नाही. मार्क कापला तर कशामुळे ते दाखवा, आणि विद्यार्थ्याला आत्ता नको असलेली पांडित्याची पाच सूत्रं त्याच्या डोक्यावर ओतू नका. मला कुणी म्हणालं ना, की संस्कृत गुरुमुखातूनच यायला पाहिजे, पुस्तकं पाठवून कसलं येतंय, तर मी त्यांचं म्हणणं उडवून लावत नाही. शेजारी वाईला प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखी माणसं गुरूंसमोर बसूनच घडली. पण मल्लिनाथ आणि कालिदास यांच्यात जवळजवळ हजार वर्षांचं अंतर आहे, आणि आपण आज त्या दोघांनाही न भेटता मल्लिनाथाचं बोट धरून रघुवंश वाचतो. संस्कृतची टीकापरंपरा अशीच चाललीय, लांबच्या वाचकाला शेजारी बसवून घेत.

शास्त्री लोकांची अजून एक पद्धत मी वापरते, खंडान्वयाची. श्लोकातलं क्रियापद आधी पकडायचं आणि त्याला प्रश्न विचारत जायचं. गच्छति, कः? रामः. कुत्र? वनम्. असा श्लोक उलगडत जातो. मी नव्या संमंत्रकांना म्हणते, शेरासुद्धा असाच लिहा, प्रश्न करून. ‘अन्वय चुकला’, म्हणजे शब्दांचा एकमेकांशी संबंध चुकीचा लावला, असं लिहू नका, ‘इथे क्रियापद कोणतं? त्याचा कर्ता कोण?’ असं लिहा. विद्यार्थी घरी एकटा असतो, त्याच्याशी बोलणारा तो प्रश्नच असतो.

सगळ्यात अवघड काय असेल तर आपल्याहून मोठ्या माणसाला हे सांगणं. काही वर्षांपूर्वी मिरजेच्या एका सरांचे तपासलेले पेपर माझ्याकडे आले. सर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, उभी हयात हायस्कूलला संस्कृत शिकवलेलं, पाठांतर असं की पुस्तक उघडायलाच लागत नाही. आणि एका पेपरवर मी मोजलं, ‘अशुद्ध’ हा शब्द चौदा वेळा, दुसरं काहीच नाही. मला दोन दिवस झोप नीट लागली नाही, कारण फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतंच. शेवटी शनिवारी त्यांच्या घरी गेले, काकूंनी चहा दिला, आणि मी काही न बोलता पेपर त्यांच्यापुढे ठेवून म्हटलं, सर, ही मुलगी कोण आहे माहितीय का? त्यांना माहीत नव्हतं. ती एका दवाखान्यात नर्स, दोन लहान मुलं, नाइट ड्यूटीत पेशंट झोपले की अभ्यास करते, हे तिने पहिल्या पानावर स्वतःच चार ओळींत लिहिलं होतं, ओळखीखातर. सरांनी ते पान वाचलेलं नव्हतं, उत्तरं तेवढी वाचलेली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बाई, मला चाळीस वर्षं पोरं समोर दिसायची, चेहरा बघून कळायचं कुठं अडलंय ते, इथे चेहराच नाही, तर मी करू काय?

हा प्रश्न मी आजवर ऐकलेला सगळ्यात खरा प्रश्न आहे. कालिदासाच्या मालविकाग्निमित्र नाटकात पहिल्या अंकात दोन नाट्याचार्य भांडतात तेव्हा परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, म्हणते, कुणाची विद्या स्वतःपुरती उत्तम असते, कुणाला ती दुसऱ्यात उतरवता येते, आणि ज्याला दोन्ही येतं त्याला शिक्षकांमध्ये सगळ्यात पुढे बसवावं. सरांना दोन्ही येत होतं! फक्त उतरवण्याची वाट बदलली होती आणि ती त्यांना कुणी दाखवलेली नव्हती, नेमणुकीचं पत्र आणि पेपरचा गठ्ठा एवढंच त्यांच्या हातात दिलं होतं. ती चूक सरांची नव्हती, आमची, म्हणजे व्यवस्थेची होती. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून तो एक पेपर परत तपासला, साडेतीन तास लागले.

पुढचं सगळं सरांनी स्वतः केलं. मेघदूताचा भाग होता, त्यांच्या लक्षात आलं की या विद्यार्थ्यांनी मंदाक्रांता वृत्त, म्हणजे मेघदूताचा छंद, डोळ्यांनी वाचलंय, कानांनी कधी ऐकलेलंच नाही. ‘कश्चित्कान्ता’ ही चार गुरू म्हणजे लांब अक्षरं संथ, मग पाच लघू म्हणजे आखूड अक्षरं भराभर पळतात, सहाव्याला येऊन थांबतात, मग सात अक्षरांची लांब लाट. चार, सहा, सात असे सतरा. कागदावर हे गणित वाटतं. सरांनी नातवाकडून व्हॉट्सअॅप शिकून घेतलं आणि रोज एक श्लोक म्हणून व्हॉइस मेसेज पाठवायला लागले, ग्रुपवर, पहाटे पाचला. ती नर्स ड्यूटी संपता संपता ऐकायची. आता दुसऱ्या केंद्रांचे विद्यार्थीपण तेच रेकॉर्डिंग मागून घेतात.

बाकीची कामं पटकन सांगते. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना एकाच उत्तराची झेरॉक्स देऊन मार्क द्यायला लावते. एकदा त्याच उत्तराला वीसपैकी 9 पासून 16 पर्यंत मार्क पडले, मग तासभर चर्चा, तो तास फार कामाचा असतो. मानधनाची पत्रं लिहिते, मानधन कमी आहे आणि उशिरा येतं, ते बरोबर नाही आणि मी ते दर मीटिंगला बोलते. तारखांसाठी भांडते. तासगाव-कवठेमहांकाळ भागात द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरला असते, तेव्हा घरातलं माणूस न माणूस बागेत असतं, आणि नेमकी तेव्हाच असाइनमेंटची तारीख ठेवली तर बायकांचे पेपर येतच नाहीत, हे तिथल्या मॅडमनी मला सांगितलं. लांब ऑफिसात बसून हे कुणाला कळणार? संमंत्रकाला कळतं, म्हणून त्याचं वर ऐकलं गेलं पाहिजे.

2019 च्या ऑगस्टातला महापूर तर विसरता येत नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्या वर गेलं. कितीतरी विद्यार्थ्यांची पुस्तकं गेली, लिहून ठेवलेल्या असाइनमेंट गेल्या. वरून उत्तर आलं की साहित्य एकदाच मिळतं. मी पत्रावर पत्र लिहिली, मुदत मिळाली, पुस्तकं मिळायला हिवाळा उजाडला, पण त्याच्या आधीच एका संमंत्रक मॅडमनी, ज्यांच्या स्वतःच्या घरात कमरेइतकं पाणी येऊन गेलेलं, माळ्यावर वाचलेल्या पुस्तकाचे एकेक पान करत फोटो काढून सगळ्यांना पाठवले होते. त्यांनी मला हे सांगितलंही नाही, विद्यार्थ्यांकडून कळलं.

तर मी शिकवते या माणसांना, आणि यांच्याकडून शिकतेही. मागच्या आठवड्यात नव्या बॅचच्या असाइनमेंट आल्या, सरांच्या गठ्ठ्यातला पहिलाच पेपर उघडला तर ‘रामेण फलं खादितवान्’ होतंच, आणि समासात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘तृतीया कुठून आली ते मला कळलं, तुझ्या मराठीतून आली. आता मला सांग, साखर खाल्ली असती तर काय लिहिलं असतंस?’

जत आणि आटपाडीकडे मात्र अजून माणूस मिळालेला नाही. तिथले पाच विद्यार्थी दर रविवारी दोन एसट्या बदलून सांगलीला येतात. तुमच्या ओळखीत त्या बाजूला कुणी संस्कृतमध्ये एमए झालेलं असेल, घरी बसून असेल किंवा निवृत्त असेल, तर त्यांना माझ्याबद्दल सांगा. शेरे कसे लिहायचे ते आपण बसून बघू, साडेतीन तास लागले तरी चालतील.