उणे 24,276 किलोचा ट्रक

भुसावळबाहेर हायवेलगतच्या एका खाजगी वजनकाट्यावरची पावती: भरलेली गाडी -24276, रिकामी 13480, निव्वळ 27780. दीपनगरच्या वीजकेंद्रातून राख भरून आलेला बल्कर (बंद टाकीचा ट्रक). गंमत म्हणजे निव्वळ वजन बरोबर होतं. काटेवाला अमळनेरकडचा. म्हणाला, "भाऊ, काटा येडा व्हई गया का?"

काटा शहाणाच होता, इंडिकेटर 41260 दाखवत होता. केबिनमधल्या 486 वर (जुना पीसी) डॉस आणि टर्बो सी 2.01 (जुना सी कंपायलर) मधला प्रोग्राम. तिथे इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) 16 बिटांचा, वरची मर्यादा 32767; त्यापुढचा आकडा 65536 ने घटून उणे होतो. 41260 मधून 65536 गेले की उणे 24276 उरतात. वजाबाकीत आकडा पुन्हा एक फेरा मारून जागेवर येतो, म्हणून निव्वळ जुळतं. जुन्या दहाचाकी ट्रकचं भरलेलं वजन 25 टन (कागदावर तरी), त्यामुळे इतकी वर्षं खपून गेलं.

अनसाइन्ड (उणे चिन्ह नसलेल्या) इंटने 65535 पर्यंत भागलं असतं, पण काटा 100 टनी. म्हणून हेडर फाइलीतल्या (सामाईक घोषणांची फाइल) स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे रेकॉर्डच्या आराखड्यात, दोन्ही वजनं लाँग (चार बाइटांचा पूर्णांक) केली, मजकुराचा इंट करणाऱ्या एटीओआयच्या जागी लाँग करणारं एटीओएल घातलं. कंपाइल लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम), ने-आण फ्लॉपीवरून.

पहिली पावती: -24276, -1, 13480. हा प्रिंटएफचा (छापणाऱ्या फंक्शनचा) प्रताप. लाँगचे चार बाइट पाठवले, पण %डी (इंट छापायची खूण) दोनच उचलतो. उरलेले दोन पुढच्या %डीच्या पदरात पडतात. %एलडी (लाँगची खूण) केलं. आता निव्वळ -37756! आधी निदान तेवढं तरी बरोबर येत होतं.

खरा वेळ इथे गेला. एटीओएल होतं, पण वर एसटीडीलिब.एच (त्याची घोषणा असलेली हेडर फाइल) इन्क्लूडच केलेली नव्हती. घोषणा दिसली नाही की जुना सी कंपायलर फंक्शन इंट परत देतं असं धरून चालतो. लाँग येतो प्रोसेसरच्या डीएक्स आणि एएक्स अशा दोन रजिस्टरांतून. कंपायलरने एकटं एएक्स वाचलं आणि वरचा अर्धा भाग उणे चिन्हाने भरून टाकला. लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) नुसतं नाव जुळवतो, तो कशाला बोलेल? प्रोटोटाइप (फंक्शनची घोषणा) नसल्याचा इशारा कुणीतरी बंद करून ठेवला होता. एक ओळ घातली आणि 41260 आलं.

दिवसाचा रिपोर्ट तरीही वेडावाकडा. त्याची ओबीजे फाइल (कंपाइल झालेला तुकडा) जुनीच, रेकॉर्ड 17 बाइटांचा समजणारी. नवा 21 चा. हेडर बदललं की सगळ्या ओबीजे पुसून बिल्ड करायचं. जुनी डेटा फाइल वेगळ्या प्रोग्रामने बदलली. वजन अनसाइन्ड म्हणून वाचलं की उणे आकडेही सरळ होतात, बिट शाबूतच असतात. हे काम जीसीसीवर (आजचा एक सी कंपायलर) करणार असाल तर स्ट्रक्चर अख्खं उचलू नका: इंटऐवजी शॉर्ट (दोन बाइटांचा पूर्णांक) लिहिलं तरी तिथे रिकामा बाइट भरून 17 चे 18 बाइट होतात आणि दुसऱ्या रेकॉर्डपासून सगळं एकेक घर सरकतं.

संध्याकाळची पहिली पावती: 43820, 13650, 30170.