हा ‘श’ आपला नाही

१८ मे, रात्री साडेअकरा

दिवसभर पारा ४५ अंशांच्या आसपास होता. संध्याकाळी कूलरसमोर बाबांना बसवले आणि सात महिन्यांपासून फावल्या वेळात लिहीत असलेला जेमिनी ब्राउझर पहिल्यांदा त्यांच्या हाती दिला. हे जेमिनी म्हणजे यंत्रबुद्धीचे त्याच नावाचे उत्पादन नव्हे. ‘सोल्डरपंक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका व्यक्तीने जून २०१९ मध्ये मांडलेला, वेबहून कितीतरी हलका असा तो प्रोटोकॉल, म्हणजे इंटरनेटवरून पाने मागवण्याची आणि पाठवण्याची ठरलेली पद्धत आहे. आपण शेजारी बसायचे, पण बोलायचे नाही, असे मी ठरवले होते. ते पाळणे फार जड गेले.

बाबांनी पान उघडले, चष्मा वर सरकवला आणि पहिलेच वाक्य उच्चारले ते हे, “अगं, हा ‘श’ आपला नाही.” चाळीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाची नजर मजकुराच्या आधी अक्षरावर गेली. त्यांचे बरोबर होते, कारण ‘ल’ आणि ‘श’ ही दोन्ही अक्षरे हिंदी वळणाची दिसत होती. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये या अक्षरांची मराठी रूपे वेगळी दिलेली असतात, पण मजकूर मराठी आहे हे ब्राउझरने फॉन्टपर्यंत पोहोचवले तरच ती उमटतात. जेमिनीत सर्व्हर पानासोबत भाषेची खूण पाठवू शकतो. माझा ब्राउझर ती खूण वाचत होता आणि तिथेच सोडून देत होता. सुरुवातीच्या आवृत्तीत तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरे सुटी पडायची, म्हणून मी हार्फबझ ही अक्षरजुळणीची तयार कोड-लायब्ररी जोडली आणि देवनागरीचे काम संपले असे समजून पुढे गेले. ते संपले नव्हते.

हा प्रोटोकॉल इतका आटोपशीर आहे की त्याचा ब्राउझरही आपोआप सोपा होईल, असा भ्रम सहज होतो. विनंती म्हणजे केवळ एका ओळीचा पत्ता. उत्तरात दोन अंकी संकेत, त्याला जोडून थोडी माहिती आणि मग मजकूर. कुकी नाहीत, स्क्रिप्ट नाहीत. कामचलाऊ ब्राउझर दोन रविवारांत उभा राहतो आणि माझाही तसाच राहिला होता. मात्र वेबवर अक्षरांचा आकार, रंग, समास, मेनू हे सगळे पान लिहिणारा ठरवतो, तर जेमिनीत त्याला फक्त ‘हे शीर्षक’, ‘हा दुवा’, ‘हे अवतरण’ एवढेच सांगता येते आणि बाकीचा सगळा भार ब्राउझरवर पडतो. पान वाचताना डोळे शिणले तर तो दोष लेखकाचा नसून माझा आहे, हे मला आज नीट उमगले.

१९९१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जन्मलेल्या गोफर या जुन्या प्रोटोकॉलशी तुलना केली की हा फरक स्पष्ट होतो. गोफरच्या मेनूतील नाव ७० अक्षरांच्या आत ठेवावे, असे त्याचे १९९३ चे नियमपत्रक सुचवते, आणि तिथले लेखही बहुधा ठरावीक रुंदीवर हाताने तोडलेल्या ओळींचे असतात. फोनच्या अरुंद पडद्यावर त्या ओळी पुन्हा वेड्यावाकड्या तुटतात. जेमिनीत एक परिच्छेद म्हणजे एक सलग ओळ, ती कुठे मोडायची हे ब्राउझरने पाहायचे. त्यामुळे बाबांनी अक्षर दीडपट केले तरी मजकूर विस्कटला नाही. दोन हजार शब्दांचा मराठी लेख जेमतेम ३५ ते ४० किलोबाइटचा होतो, म्हणजे काटोलकडच्या आमच्या गावी, जिथे फोनला एखादीच कांडी रेंज मिळते, तिथेही तो पटकन उघडावा.

दुव्यांची प्रत्येकाची स्वतंत्र ओळ बाबांना आवडली. ती त्यांना पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी वाटली. मात्र एक दुवा वेबवरचा निघाला, दाबताच दुसराच ब्राउझर समोर आला आणि ते गोंधळले. याको केरानेन यांच्या लाग्रांज ब्राउझरमध्ये असे दुवे वेगळ्या चिन्हाने ओळखू येतात आणि प्रत्येक स्थळाला स्वतःचा रंगही मिळतो, त्यामुळे आपण एका घरातून दुसऱ्या घरात आलो हे न वाचताही कळते. मी ती सजावट समजत होते.

मग बाबा एका शोधपानावर गेले. तिथे सर्व्हर १० हा संकेत पाठवतो, म्हणजे ‘वाचकाकडून काही लिहून घ्या’. बाबांनी संतसाहित्याविषयी चांगला तीन ओळींचा प्रश्न लिहिला आणि तो गेलाच नाही. लिहिलेले उत्तर पत्त्याच्या शेपटीला जोडून पाठवावे लागते आणि संपूर्ण पत्त्याची मर्यादा १०२४ बाइटची आहे. रोमन लिपीतले अक्षर तिथे एक बाइट घेते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग तो काना असो वा वेलांटी, पत्त्यात रूपांतरित होताना नऊ बाइट घेते. नुसता ‘नागपूर’ हा शब्द ५४ बाइटचा होतो. म्हणजे मराठी माणसाच्या वाट्याला जेमतेम एकशे दहा चिन्हे येतात. हा नियम मला बदलता येत नाही, पण लिहिता लिहिता किती जागा उरली हे दाखवणे पूर्णपणे माझ्या हातात होते आणि मी ते केले नव्हते. लिहिलेला प्रश्न निमूटपणे नाहीसा होणे हा वाचकाचा अपमान आहे. उरलेली जागा दाखवणारी पट्टी मी जेवणानंतर लगेच लिहिली.

शेवटी प्रमाणपत्राची सूचना आली. प्रमाणपत्र म्हणजे स्थळाचे जणू ओळखपत्र. जेमिनीत पहिल्या भेटीत दिसलेले प्रमाणपत्र ब्राउझर लक्षात ठेवतो आणि पुढे ते बदललेले दिसले की सावध करतो. बहुतेक वेळा स्थळाच्या चालकाने ते नुसते नवे केलेले असते, क्वचित मध्ये कोणी तोतया असू शकतो. माझ्या पडद्यावर लाल चौकटीत ‘अवैध प्रमाणपत्र’ एवढेच उमटले. बाबा म्हणाले, “हे काय सांगून राहिलं गं? मी काही गुन्हा केला का?”

मग आम्ही दोघांनी कागद घेतला. बाबांनी ‘अवैध’ खोडला. माझे ‘ठसा जुळत नाही’ हेही त्यांना पटले नाही; कोणाचा ठसा, असे त्यांनी विचारले. दहा वाजेपर्यंत एवढे ठरले: ‘या स्थळाची ओळख मागच्या भेटीपेक्षा वेगळी दिसते आहे. चालकाने ती स्वतः बदलली असेल, किंवा दुसरे कोणी त्याच्या नावाने उत्तर देत असेल.’ त्याखाली ‘परत जा’ हे एक बटण पक्के झाले. दुसऱ्यावर मला ‘पुढे जा’ हवे आहे, तर बाबांना ‘नवी ओळख मान्य’, कारण आपण काय मान्य करतो आहोत ते माणसाला वाचायला मिळाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. ते लांब आहे, लहान फोनवर दोन ओळी घेईल. उद्या सकाळी त्यांच्याच फोनवर घालून पाहते.