दऱ्या ओलांडणारी आजी

मागचे दोन आठवडे इथे काही लिहिलं नाही, कारण आमचं सातवं पुस्तक छापायला गेलं होतं. आता ते आलंय. मुरबाडकडे शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा पहिला कवितासंग्रह. डेमी आकार, 96 पानं, 500 प्रती. आमची प्रकाशनसंस्था म्हणजे आम्ही तिघं आणि नौपाड्यातल्या आमच्या घराची मागची खोली. प्रुफं तपासणं आणि पार्सलं बांधणं माझ्याकडे.

बाईंनी कविता जुन्या फॉन्टात टाइप केल्या होत्या. त्या युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्य'ची बऱ्याचदा वाट लागते. अर्ध्या 'र'ची ती छोटी आडवी खूण जाते आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार चढतो. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं तर डोळ्यांना लगेच खटकतं. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं तर मात्र तोही शब्दच, ओळीत निमूट बसून राहतो. माळशेजच्या कवितेतली आजी दऱ्या ओलांडून माहेरी जाते. छापील कागदावर ती दर्या ओलांडून निघाली होती, आणि तीनदा वाचूनही मला ते दिसलं नव्हतं.

दिसलं ते बायंडरकडे. घड्या घातलेले फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे छापील कागद, थप्पीने रचलेले, शिलाई व्हायची होती. सहज वरचा तिसरा फर्मा उचलला, पान 41, आणि पोटात गोळाच आला. तिथूनच बाईंना फोन केला. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अहो ताई, माझ्या आजीने समुद्र कधी पाहिलाच नाही."

शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवू, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. पैशांचा विचार करता ते बरोबरही होतं. पण कविता वाचताना आजी चुकीच्या वाटेने जाणार आणि चिठ्ठी तिला मागे बोलावणार, हे मला पटेना. सोळा पानं पुन्हा छापली. पुस्तक पाच दिवस उशिरा आलं.

शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये वाचन झालं. बाई एसटीने कल्याणला आणि तिथून लोकलने आल्या. माळशेजची कविता त्यांनी शेवटी वाचली. 'दऱ्या' म्हणताना त्यांचा 'र' असा हलका निसटतो की तो कानाने ऐकला असता तर मी चुकलेच नसते. आता शेवटचं प्रुफ मोठ्याने वाचायचं, असं ठरवलंय. 61 प्रती तिथेच गेल्या.

1954च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि मुंबईच्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवली. पाचवी नेहमीप्रमाणे ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला. 1893पासूनच्या त्या ग्रंथालयात आपलं पुस्तक असावं, ही माझी शाळेपासूनची हौस. बाकीच्या प्रती ज्ञान पोस्टने, म्हणजे टपालखात्याच्या पुस्तकांसाठीच्या सेवेने जातील. डिसेंबर 2024मध्ये रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद झालं तेव्हा आम्ही खरोखर हवालदिल झालो होतो. मे 2025पासून ही नवी सोय आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, वर कर. आमचं पुस्तक त्यात आरामात बसतं.

घणसोलीच्या लेखकाची आगरी बोलीतली कादंबरी तिसऱ्या खर्ड्यावर आहे. पहिली प्रुफं सोमवारी येतील. आधी त्यातले सगळे 'ऱ्य' शोधून घेईन, मग वाचायला बसेन.