शेंबड्याचं मनोगत

नाशिकची थंडी आणि माझं नाक यांचं कधी जमलंच नाही. सकाळच्या शाळेला गंगेकाठून चालत यायचो. प्रार्थना संपेपर्यंत स्वेटरची उजवी बाही कडक झालेली असायची. वर्गात माझं नाव ‘शेंबड्या’. दहावीच्या निकालादिवशीही एकाने त्याच नावाने हाक मारून पेढा मागितला. खरं सांगतो, लागलं होतं. पुढे मी जन्मभर शेंबडावरच संशोधन केलं हे कळल्यावर तोच मित्र फोनवर पोट धरून हसला.

पुण्यात फिजिक्स, मग परदेशात बायोफिजिक्स, ते असो.

शेंबूड म्हणजे घाण, हा आपला गैरसमज. त्यात साधारण 95 टक्के पाणी. बाकी मुख्यतः म्युसिन, म्हणजे साखरेने लगडलेली लांबच लांब प्रथिनं. त्यांची जाळी होते. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलत हा थर घशाकडे ढकलतात. आपण नकळत गिळतो, पुढचं जठरातलं आम्ल बघून घेतं.

मला छळणारा प्रश्न वेगळा होता. विषाणू बहुधा शे-दोनशे नॅनोमीटरचा आणि जाळीची भोकं कितीतरी ठिकाणी त्याहून मोठी. चाळणीतून मोहरी पडावी तसा तो आरपार जायला हवा. मग अडतो कसा?

उत्तर कळलं तेव्हा मला पांडवलेणीची सहल आठवली. उतरताना सगळ्यांच्या मोज्यांत कुसळं. एका कुसळाचं काही वाटत नाही. पन्नास अडकली की पाऊल टाकवत नाही. अँटिबॉडीचं, म्हणजे विषाणू पकडायला शरीर बनवतं त्या प्रथिनाचं, तसंच. तिचे दोन हात विषाणूला धरतात, शेपूट म्युसिनला जरासं चिकटतं आणि लगेच सुटतं. पण एका विषाणूवर अशा पुष्कळ बसल्या की एक सुटेस्तोवर दुसरी धरते, आणि तो जागीच खिळतो. हर्पिसच्या विषाणूबाबत हे 2014 मध्ये छापून आलं. त्या निबंधाच्या लेखकांत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रिचर्ड कोन होते. हा माणूस आधी डोळ्यातल्या रोडॉप्सिनवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनावर काम करायचा, तिथून श्लेष्म्याकडे, म्हणजे शरीरातल्या अशा चिकट थरांकडे वळला. मी काही वळलो बिळलो नाही, माझं नाक पहिल्यापासून वाहतच होतं.

गेल्या डिसेंबरात शाळेत आलो होतो. पाचवीच्या वर्गाबाहेर एक पोरगा बाहीला नाक पुसत उभा. मी खिशातला रुमाल काढून दिला. त्याने नीट घडी घालून तो खिशात ठेवला आणि पुन्हा बाहीच वापरली.