पोती, चिखल आणि हुरडा

आज एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) हिवाळी शिबिराचा तिसरा दिवस, अकरावी-बारावीची पोरं ओढ्यात. काम वनराई बंधाऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवणाऱ्या पोत्यांच्या तात्पुरत्या बांधाचं. लोकांना वाटतं, रिकामी सिमेंटची पोती भरायची, रचायची, झालं. तसं नसतं.

जागा निवडताना काठ उंच आणि पात्र अरुंद हवं. मग तळ खरवडायचा: वाळू, पालापाचोळा, गाळ काढून कठीण थर लागेपर्यंत. इथंच सगळे कंटाळतात आणि इथंच बंधारा फसतो. वरून भिंत भक्कम दिसते, पाणी खालून निघून जातं. पोतं काठोकाठ भरू नये. पाऊण भरून तोंड सुतळीनं शिवलं की ते दबून शेजारच्याला चिकटतं. गच्च भरलेलं गोल होतं, फटी राहतात. रचाई विटांसारखी, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. प्रत्येक थरावर चिकणमातीचा गारा तुडवायचा. नुसती वाळू भरलेली पोती झिरपतात. मधला भाग काठांपेक्षा थोडा खाली ठेवायचा, म्हणजे जास्तीचं पाणी मधून सांडतं, काठ कापत नाही. हे सगळं ओढा वाहता असेपर्यंतच. जानेवारी उलटला की अडवायला उरतं काय?

नियमाप्रमाणे वर्षाला १२० तासांची सेवा, शिबिर सात दिवसांचं. संध्याकाळच्या हुरड्याचे तास कुणी मोजत नाही! गोवऱ्यांचा धूर आणि जाळ विझल्यावरच कणसं आरात खुपसायची, नाहीतर दाणा करपतो, आत कच्चा राहतो. गरम असतानाच चोळायची. सोबत लसणाची चटणी. गुळभेंडी, ही हुरड्याची गोड ज्वारी, मिळाली तर साखर-शेव कशाला हवी?